सूडापुरती चेरोकी

लोक नवी भाषा नोकरीसाठी शिकतात, लग्नासाठी शिकतात, काहीजण नुसत्या हौसेनं शिकतात. मी चेरोकी शिकायला घेतली ती एका माणसाचं नाक कापायला. राहतो बहरीनमध्ये, भाषा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, आणि वय चव्वेचाळीस. हे नीट सांगायचं तर त्या माणसापासूनच सुरुवात करायला हवी.

त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो. मूळचे पुण्याचे, इथे राजधानीत, मनामात, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. शनिवारी सकाळी झिंज भागातल्या आपल्या फ्लॅटवर मराठी मुलांचा वर्ग घेतात. फुकट घेतात, हेही कबूल करायला हवं, नाहीतर माझी बायको हे वाचून मला फाडून खाईल. सर 'ण' असा काढतात की ऐकणाऱ्याची जीभ आपोआप टाळ्याला जाऊन चिकटते. चूक कानावर पडली की थांबवतात. मुलांना थांबवतात, मुलांच्या आयांना थांबवतात, एकदा तर गणपतीच्या आरतीत भटजींना थांबवलं होतं. जोशी की कुलकर्णी जे कोण होते ते, त्यांनी तो शब्द तीनदा म्हटला आणि तोवर कापूर विझला.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आमचं घर मालवणकडचं. घरात बोलतो ती मालवणी. आखातात राहून घासून गुळगुळीत झालेली, पण मालवणीच. शाळेत इंग्लिश, बिल्डिंगमध्ये हिंदी आणि घरात 'माका व्हया', अशी पोर तिन्हीकडे अनवाणी पायांनी आरामात फिरायची. त्या शनिवारी मी तिला न्यायला दहा मिनिटं लवकर पोचलो आणि दारातच उभा राहिलो. आत ती सुट्टीतली गंमत सांगत होती.

"आजयेची कोंबी कौलार चढली," हात उंच करून, डोळे मोठे करून, "आणि खाली येवक तयारच नाय!"

"थांब," सर म्हणाले. "कोंबी म्हणजे काय?"

"हेन, सर."

"हेन मला कळतं. कोंबडी म्हण. कोंबडी कौलावर चढली आणि खाली यायला तयार होईना. आणि ते नाकातून बोलणं आधी बंद कर. हे मराठी नाही. घरी कोण बोलतं असं?"

पंधरा मुलं हसली. तिनं दाराकडे बोट केलं. "बाबा."

सर वळले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अच्छा, उगम इथे आहे होय! मग असं करा, आधी तुम्ही येऊन बसा वर्गात. तिला नंतर पाठवा."

मुलं पुन्हा हसली. आणि मी काय केलं? मीही हसलो. मान हलवत, "होय सर, होय सर" करत हसलो. ऑफिसात मोठा साहेब विनोद करतो तेव्हा जे हसू येतं, तेच नेमकं चेहऱ्यावर येऊन बसलं. ते काढायला शिकवणारा वर्ग अजून निघालेला नाही.

गाडीत मी विचारलं, "भूक लागली काय गो?"

"आय ॲम नॉट हंग्री." सिग्नल सुटला, पुढचा सिग्नल आला, तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "यू लाफ्ड टू."

त्या दिवसापासून ती घरात फक्त इंग्लिश बोलायला लागली. समजायचं सगळं. मालवणीत हाक मारली की यायची, मालवणीत दिलेलं काम करायची, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. गावाहून माझ्या आईचा फोन यायचा, तो मुलगी दोन मिनिटांत माझ्या हातात कोंबायची. आई विचारायची, "चेडवाक काय झाला रे? माज्याशी बोलणा नाय." मी सांगायचो, शाळेचा अभ्यास वाढलाय. आईला इंग्लिश येत नाही. म्हणजे नात होती, पण आईपुरती ती मुकी झाली होती.

हे सगळं सरांनी केलं असं मी ठरवून टाकलं. मी स्वतः हसलो होतो, ही गोष्ट शिताफीनं बाजूला सारली. सूड घ्यायचा तर आरोपी एकच असलेला बरा.

सुरुवातीचे प्रयत्न सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. सरांच्या एका भाषणाचं रेकॉर्डिंग घेऊन, जाड शब्दकोश मांडीवर ठेवून मी तीन संध्याकाळी बसलो. एक चूक सापडली. ती मी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, 'सर, कृपया खुलासा करावा' असं लिहून. खुलासा आला, तीन परिच्छेदांचा. शब्दकोशातली खूण मी चुकीची वाचली होती. शेवटी 'आपल्या जिज्ञासेचं कौतुक वाटतं' असंही होतं. दुसऱ्या वेळी त्यांच्या बिल्डिंगखाली माझी गाडी मुद्दाम त्यांच्या गाडीमागे अडवून लावली. सर बायकोच्या गाडीतून निघून गेले, आणि माझ्यामागे कुणीतरी ट्रक लावला. तो ड्रायव्हर नमाज आणि जेवण उरकून येईपर्यंत मी दोन तास सरांच्या बाल्कनीखाली उन्हात बसून होतो. सरांच्या बायकोनं वरून पाण्याची बाटली पाठवली.

पण सरांची एक दुखरी जागा मला माहीत होती. मंडळाचा दरवर्षी भाषेचा एक कार्यक्रम असतो. त्यात सर दरवर्षी भाषण करतात आणि दरवर्षी एक वाक्य म्हणतात: "जगातल्या कुठल्याही भाषेत असा ध्वनी नाही, जो देवनागरीत लिहिता येत नाही आणि मराठी जिभेला जमत नाही!" यावर टाळ्या पडतात. मीही वाजवायचो, कारण मलाही ते खरंच वाटायचं. त्या वाक्याला भोक पाडायचं तर कुठला तरी ध्वनी हवा होता. तो मला हिद्दला सापडला.

हिद्दच्या बंदराजवळ आमचं वर्कशॉप आहे. जहाजांचे सुटे भाग दुरुस्तीला येतात. मी काम पुरं करून द्यायचं आणि एका अमेरिकन इन्स्पेक्टरनं ते तपासायचं. हा ओक्लाहोमाचा, पंचावन्नच्या आसपास, बोलायला कमी. जेवणाच्या सुट्टीत कंटेनरच्या सावलीत फोन घेऊन बसायचा. एकदा मी समोर डबा खात होतो, तर लक्षात आलं, हा बोलतोय पण याचे ओठ मिटत नाहीत. एकदासुद्धा नाही. या धंद्यात जिथे भेग नाही तिथेही भेग शोधायची सवय लागलेली, त्यामुळे मी भाकरीचा तुकडा हातात धरून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलो.

फोन ठेवून त्यानं विचारलं, "काय झालं?"

"दाढ दुखतेय का तुझी?"

तो हसला. तो हसलेला मी पहिल्यांदाच बघितला. "चेरोकी बोलत होतो. मावशीशी. आमच्या भाषेत प नाही, ब नाही, फ नाही. ओठ मिटतात ते फक्त म साठी, आणि म असलेले शब्द अगदी थोडे."

"लिहितात कशी?"

"आमची स्वतःची अक्षरं आहेत. पंच्याऐंशी." त्यानं धुळीनं भरलेल्या पत्र्यावर बोटानं चार अक्षरं काढून दाखवली.

"कठीण आहे?"

"मी सहा वर्षं शिकतोय. मावशी अजून माझ्याशी दूधपित्या पोराशी बोलावं तशी बोलते."

सरांच्या वाक्याला भोक पाडायचं हत्यार समोरच बसलं होतं. "मला शिकव," मी म्हणालो.

"तुला कशाला?"

"भाषांची आवड आहे." इतकं धडधडीत खोटं मी व्हिसाच्या अर्जावरही लिहिलेलं नाही.

उत्साह असा की त्याची वाट न बघता इंटरनेटवरून रोमन लिपीतली एक यादी छापून आणली आणि दुसऱ्या दिवशी त्याला तोंडपाठ म्हणून दाखवली. 'ओसीयो' म्हणजे नमस्कार, 'वादो' म्हणजे आभार, हे ठीक गेलं. मग मी 'हो' म्हणून दाखवलं. यादीत त्यासाठी दोनदा व्ही लिहिला होता. मी ओठ दातांवर दाबून "व्व्व" केलं.

तो गंभीरपणे म्हणाला, "ही मोटरसायकल झाली." मग स्वतः म्हणून दाखवलं. तो व नव्हताच. गळ्यातून निघून नाकातून जाणारा एक 'अं' होता. मी म्हटला. त्यानं मान वाकडी करून बघितलं. "परत म्हण. कुठे शिकलास हा?"

कुठे म्हणजे? घरी. 'खंय', 'असां', 'जातंय' म्हणताना आम्ही नाकाला आयुष्यभर हेच काम दिलंय. त्या क्षणी सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि माझी खात्री पटली की देव सूड घेणाऱ्यांच्या बाजूनं असतो.

पुढच्या ध्वनीनं ती खात्री घालवली. चेरोकीत 'नाही' म्हणायचं तर जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवायचं आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायची. ट नाही, ल नाही, स नाही, थुंकणंही नाही. या चौघांच्या मधोमध कुठेतरी. मी कॅन्टीनमध्ये सराव केला आणि समोरच्या फिलिपिनो फोरमनच्या भातावर चहाचे तुषार उडवले. गाडीत सराव केला, तर शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून अरबीत माझ्या खानदानाची चौकशी केली. कॅन्टीनवाला केरळी रोज विचारायचा, "साब, डॉक्टर को दिखाया?"

शेवटी इन्स्पेक्टर म्हणाला, "माझे उच्चार घेऊ नकोस, मीच उसने घेतलेले आहेत. मावशीचे घे." आणि दर शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या फ्लॅटवर वर्ग सुरू झाला. आमच्याकडे यासाठी, की बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि शुक्रवारी तिची शिफ्ट असते. मुलीला सोडून मला कुठे जाता यायचं नाही. आमचे चार म्हणजे ओक्लाहोमात सकाळ. इन्स्पेक्टर लॅपटॉप घेऊन यायचा आणि मावशी व्हिडिओ कॉलवर, तिकडे आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायच्या, वय ऐंशीला टेकलेलं, समोर कॉफीचा भलामोठा कप.

मावशींचा एकच नियम होता. त्यांचा कप रिकामा होईपर्यंत इंग्लिश बोलायचं नाही. "इंग्लिशला दिवसाचे बाकीचे तास आहेतच," त्या म्हणाल्या. "अडलास तर हातवारे कर, नाहीतर तुझ्या घरचं बोल." आणि त्या कप इतका सावकाश रिकामा करायच्या, की मला वाटायचं खालून कुणीतरी भरतंय.

पहिल्या शुक्रवारी मी अडलो आणि तोंडातल्या तोंडात एक अस्सल मालवणी शिवी हासडली. मावशींना वाटलं मी आमच्या भाषेतला शब्द सांगतोय. त्यांनी ती जशीच्या तशी परत म्हटली. उच्चार इतका सुरेख, की माझ्या थोरल्या काकांची आठवण झाली. डायनिंग टेबलाशी टॅब घेऊन बसलेल्या मुलीनं मान खाली घातली आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

मावशी 'चूक' असं कधीच म्हणायच्या नाहीत. शब्द म्हणायच्या, आपण म्हणायचा, चुकला तर त्या शांतपणे तोच शब्द पुन्हा म्हणायच्या. दहा वेळा चुकला तर दहा वेळा. बरोबर आला की शाबासकी नाही; पुढचा शब्द. मी सगळं वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचो. तिसऱ्या शुक्रवारी कॉफी संपल्यावर त्या म्हणाल्या, "तू सारखा खाली काय बघतोस?"

"लिहून घेतोय. आमच्या लिपीत बोलल्याप्रमाणे लिहिता येतं."

"मी इथे वर आहे," मावशी म्हणाल्या.

मी वही मिटली आणि पुढच्या शुक्रवारपासून कॅमेऱ्याच्या खाली मांडीवर उघडली. वहीत 'आमा' असं दोनदा लिहिलं होतं. एकदा पाणी म्हणून, एकदा मीठ म्हणून. फरक स्वर किती लांबवायचा याचा आहे, तो माझ्या वहीनं टिपलाच नव्हता. परिणामी मी मावशींना सांगितलं की मी रोज सकाळी उठल्यावर मोठा पेलाभर मीठ पितो. त्यांनी भाच्याकडे काळजीनं बघितलं. मुलीनं टेबलाशी बसूनच पाण्याचा 'आमा' नीट म्हणून दाखवला. ती कधीपासून ऐकत होती ते मला कळलंच नव्हतं. त्यानंतर ती आमच्यातच बसायला लागली. तो तासभर तिलाही इंग्लिश बंद. ती चेरोकी शब्द म्हणायची, बाकी सगळं बोटांनी आणि भुवयांनी. घरची भाषा मात्र तोंडातून काढायची नाही.

एकदा वर्ग संपल्यावर मी इन्स्पेक्टरला विचारलं, तू इतक्या उशिरा का शिकायला घेतलीस? तो म्हणाला, "माझी आई मावशीपेक्षा मोठी. तिला शाळेत घातलं. तिथे ती आपली भाषा बोलली की मास्तर तिला उभी करायचे आणि सगळ्या वर्गाला हसायला लावायचे. मावशी आजारी असायची, ती आजीपाशी घरी राहिली. म्हणून मावशीला येते. आई पुन्हा बोललीच नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. मी शिकायला लागलो तोवर ती गेली होती."

असं ऐकल्यावर भला माणूस शहाणा होतो. मी आणखी पेटलो. मंडळाच्या कार्यक्रमात दहा मिनिटांसाठी नाव दिलं: 'एक पाहुणी भाषा'. सरांना लांबलचक मेसेज लिहिला, 'सर, आपल्याशिवाय या प्रयोगाला न्याय कोण देणार?' सरांचं उत्तर आलं, 'अवश्य.' आणि खाली माझ्या मेसेजमधल्या दोन चुका.

मनामातला हॉल भरलेला. संध्याकाळचे पाच. पडद्यावर मावशी, त्यांच्या सकाळच्या कपासह. इन्स्पेक्टर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, आपल्या भाषेचा एवढा मान होतोय म्हणून कान लाल झालेले. सरांनी भाषणात ते वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि मी माइक घेतला.

"सरांनी आत्ताच सांगितलं, असा ध्वनी नाही जो देवनागरीत लिहिता येत नाही. तर मावशी एक छोटासा शब्द म्हणतील. सर तो बोर्डावर लिहितील, कुणीही तो वाचेल. मावशींना समजला तर सर जिंकले. या सर."

मावशींनी चेरोकीतलं 'नाही' म्हटलं. सरांनी झोकात 'ट्ला' लिहिलं. वसईच्या एक बाई उभ्या राहून "ट्ला" म्हणाल्या. मावशींनी शब्द पुन्हा म्हटला. सरांनी पुसून 'थ्ला' लिहिलं. बाई "थ्ला" म्हणाल्या. मावशींनी पुन्हा म्हटला. मग 'त्ल्हा' झालं, 'क्ला' झालं, 'स्ट्ला' झालं; बोर्ड निळ्या डागांनी भरला आणि हॉलमध्ये खसखस पिकली. "सर, लिहिणं राहू दे," मी मधाळ आवाजात म्हणालो, "तुम्ही नुसता म्हणून दाखवा." सरांनी म्हटला. मावशींनी शब्द पुन्हा म्हटला. सरांनी पुन्हा म्हटला. थोडी थुंकी उडाली. मागून कुणीतरी ओरडलं, "खलास!"

तेव्हा मी ते वाक्य काढलं. सहा महिने जपून ठेवलेलं, रोज दाढी करताना आरशात घोटलेलं. "सर, असं करा. आधी तुम्ही येऊन बसा वर्गात."

हॉल फुटला. आयांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. ज्यांना ज्यांना सरांनी आजवर थांबवलं होतं ते सगळे वाजवत होते, आणि तसे बरेच होते. सरांच्या कानशिलावर घाम आला. मार्करचं टोपण त्यांना लागेना. मी ते त्यांच्या हातातून घेऊन मुद्दाम सावकाश लावून दिलं. काय गोड लागलं म्हणून सांगू! वाईट वाटायला हवं होतं म्हणतात. नाही वाटलं. आजही शोधून बघतो, नाही सापडत.

पण सर खाली उतरेनात. त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ केली, लॅपटॉपपाशी वाकले आणि मावशींना म्हणाले, "वन्स मोअर, प्लीज." मावशींनी म्हटला. यांनी म्हटला. पुन्हा. पुन्हा. हसणारे पुढे वाकून बघायला लागले. मी म्हणालो, "सर, राहू दे, वेळ झाली." मावशींनी पडद्यावरून मला हातानंच गप्प केलं. नवव्या वेळी शब्द बरोबर आला असं नाही, पण दाराशी येऊन उभा राहिला.

"कोण आहे हा?" मावशींनी मला विचारलं.

"शिक्षक आहेत."

"याला कान आहेत. शुक्रवारी घेऊन ये."

दुसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली होती. ती हसत नव्हती. सरांच्या तोंडाकडे निरखून बघत होती आणि तिची स्वतःची जीभ हळूहळू हलत होती.

पार्किंगमध्ये इन्स्पेक्टरनं मला गाठलं. "ती माणसं का हसत होती?"

सांगावं लागलं. कोंबडीपासून सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तू माझ्या मावशीला एका माणसावर हॉल हसवायला नेलंस. माझ्या आईचं मी तुला सांगितल्यावर." आणि टॅक्सीनं निघून गेला. त्या आठवड्यात त्यानं माझी तीन कामं परत पाठवली. तिन्हींत खरोखरच चूक होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. गुरुवारी माझ्या टेबलापाशी थांबून एवढंच म्हणाला, "मावशीनं त्या माणसाला बोलावलंय. तू आणायचंस. फोन नाही, मेसेज नाही. घरी जाऊन."

गेलो. बेल वाजवली. सरांनीच दार उघडलं, तोंड अर्धवट उघडं, जीभ दातांमागे अडकलेली. सराव चालला होता.

"मी तुमच्यावर रागावलोय," ते म्हणाले.

"मीही तुमच्यावर," मी म्हणालो.

"मग आत या."

आत गेल्यावर मी त्यांना सगळं सुनावलं. मुलीचं गप्प होणं, आईचे फोन. सर कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. "कोंबी? मला आठवत नाही हो. पण म्हणालो असेन. बरोबरच आहे ते, कोंबडी हाच शब्द आहे." सहा महिने मी ज्या निखाऱ्यावर बसलो होतो, तो या माणसानं कधी बघितलाही नव्हता. त्यांच्या बायकोनं पोह्यांची बशी समोर ठेवली नसती तर मी तिथेच काहीतरी करून बसलो असतो. पोहे फार चांगले होते. "उद्या चार वाजता," मी तोंड भरलेलं असतानाच म्हणालो, आणि निघालो.

शुक्रवारी सर चारला पाच मिनिटं असताना आले, नवी वही घेऊन. इन्स्पेक्टर आला, माझ्याकडे न बघता बसला. मावशींनी सरांची वही बघितली आणि नुसती मान हलवली. सरांनी ती गुपचूप पिशवीत घातली. वही सोडायला मला पाच शुक्रवार लागले होते, ते यांनी पाच सेकंदांत केलं, याचाही मला राग आला. मावशींनी कप उचलला. इंग्लिश बंद.

चेरोकी 'हो'ची पाळी आली. सरांनी कोरडा, स्वच्छ, पुस्तकातला "अ" म्हटला. मावशींनी शब्द पुन्हा म्हटला. सर, "अ." मावशी. सर, "अऽ." जन्मभर नाकावर पहारा बसवलेला, तिथून आवाज निघणार कसा? सरांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पंखा पुसायला झाला होता. सर, "अ." सर, "अह." कप अजून अर्धा होता आणि मला कसलीही घाई नव्हती.

बाराव्या की तेराव्या वेळेला माझ्या मुलीनं दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. तिच्या भुवया थकल्या होत्या, बोटांनी हे सांगता येईना, आणि इंग्लिश बंद होतं.

"तसां नाय ओ सर!" ती म्हणाली. "नाकातसून काडा. तोंड उघडा ठेवा आणि आवाज नाकातसून सोडा. आमी 'खंय' म्हणतंव ना, तसां."

मी छतावरून नजर काढली नाही. काढायची हिंमत नव्हती. पण सरांकडे बघावंच लागलं, कारण मला माहीत होतं आता काय होणार. त्यांचं बोट वर आलं होतं, ते नेहमीचं 'थांब'चं बोट. ओठांवर 'नाकातून' तयार होता, मला तो इथून दिसत होता. मी खुर्चीच्या कडेवर आलो. या वेळी हा माणूस बोलला असता तर मी पाहुणा म्हणून सोडणार नव्हतो.

सरांनी माझ्या मुलीकडे बघितलं, मग पडद्याकडे. ते बोट आपल्या नाकाच्या कडेला टेकवलं आणि म्हणाले, "अं."

"वायच जास्त," मुलगी म्हणाली.

"अंऽ."

"नाय ओ. परत."

मी चहा टाकायला आत गेलो. कुकरच्या मागून डबा काढला, पाणी ठेवलं, आलं ठेचलं. बाहेरून ऐकू येत होतं: परत. नाय, परत. तां नाय ओ सर, ह्यां. मी गॅस अगदी बारीक केला आणि चहा उकळू दिला, हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.